बुजरे कासव आणि त्याचे घर

काशीस पंचगंगा घाटाच्या उभ्या पायऱ्या चढून वर आले म्हणजे जी अरुंद गल्ली मंगला गौरीच्या देवळाकडे वळते, तिच्या आसपास, आणि तेथून ब्रह्माघाट व दुर्गाघाटापर्यंत, पेशवाईच्या काळापासून दक्षिणी मंडळींची वस्ती आहे. श्रावणातल्या मंगळवारी मंगळागौर पुजणाऱ्या आपल्या नवविवाहित मुलींना तर हे स्थान घरचेच वाटावे. पक्का महाल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भागातील दगडी वाड्यांत काय आणि पुण्यामुंबईच्या सदनिकांत काय, मुलांच्या हट्टापायी काचेच्या पेटीत एखादे लहानसे कासव आणून ठेवण्याची हौस आता सारखीच झाली आहे, आणि त्या हौसेमागोमाग येणारी तक्रारही सारखीच असते: माणूस जवळ आला की ते धपकन पाण्यात उडी टाकते, हातात घेतले की फुसकारते, अन्न पुढे टाकले तरी कोणी पाहत आहे तोवर त्यास तोंड लावीत नाही, आणि वर्ष लोटले तरी ओळख म्हणून धरीत नाही. हे कासव भित्रे निघाले असा निवाडा देऊन घरची मंडळी मोकळी होतात. हा निवाडा मला मान्य नाही. भय हे कासवाचे जन्मजात शहाणपण आहे, आणि ते भय जेव्हा दिवसरात्र टिकून राहते तेव्हा त्याचे कारण कासवात नसून त्याच्या भोवतालच्या व्यवस्थेत असते. म्हणून कासवास सुधारण्याचा उद्योग सोडून देऊन आपण त्याच्या घराची आणि आपल्या स्वतःच्या वागणुकीची तपासणी करावी, एवढेच मला येथे सविस्तर सांगावयाचे आहे.

परंतु त्याआधी एक प्रश्न निकालात काढला पाहिजे, आणि तो म्हणजे घरात असलेले कासव बाळगण्याचा आपणांस अधिकार आहे काय. गंगेतील मऊ पाठीचे मोठे कासव, तळ्याडबक्यांत राहणारे आणि इकडे सुंदरी म्हणून ओळखले जाणारे कासव, पाठीचा कणा छपराच्या आढ्यासारखा उचललेले लहान कासव, किंवा कवचावर ताऱ्यांची नक्षी असलेले जमिनीवरचे कासव, या साऱ्या देशी जाती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित असून त्या पकडणे, विकणे, विकत घेणे वा घरी ठेवणे हा गुन्हा आहे. त्यास वास्तुशास्त्राचा सल्ला, दैवी निमित्त, अथवा 'आम्ही प्रेमाने वाढवितो' ही सबब चालत नाही. काशीकरांस तर अज्ञानाची सबब सांगण्याचीही सोय नाही. गंगाशुद्धीची सरकारी योजना १९८६ साली सुरू झाली, आणि तिच्याच अनुषंगाने १९८९ साली रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचा गंगेचा सुमारे सात किलोमीटरांचा पट्टा कासवांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला. सारनाथ येथील केंद्रात अंडी उबवून वाढविलेली पिले या प्रवाहात सोडण्यात आली, ती अशा हेतूने, की अर्धदग्ध प्रेते व इतर सडके मांस खाऊन त्यांनी पाणी निर्मळ राखण्यास हातभार लावावा. पंचगंगा घाट व मंगला गौरीचा सारा उतार याच पट्ट्यात मोडतो. २०२० साली त्या अभयारण्याचा दर्जा काढून घेण्यात आला हे खरे, तथापि दर्जा गेला म्हणून कासवाचे संरक्षण गेले असा अर्थ कोणी करू नये, कारण अभयारण्याची हद्द ही भूमीपुरती असते आणि कायद्याचे संरक्षण प्राण्याच्या जातीस आहे, ती कोठेही सापडो. पावसाळ्यात गंगा घाट बुडवून गल्ल्यांच्या तोंडाशी येते, अशा वेळी एखादे कासव अंगणात अगर नालीत आढळले तर त्यास माजघरात न आणता वनखात्यास खबर द्यावी, आणि त्यांचा माणूस येईतो ओलसर गोणपाटाने झाकलेल्या पसरट टोपलीत, सावलीत व शांततेत ठेवावे. त्याहून अधिक पाहुणचाराची त्याला आवश्यकता नसते.

मग दुकानांतून मिळते ते कोणते? डोळ्याच्या मागे तांबडा पट्टा असलेले, हिरव्या अंगाचे, अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातून जगभर पसरलेले लाल कानांचे कासव हेच बहुधा घरोघरी असते, आणि या लेखातील पुढील सर्व सूचना त्यालाच उद्देशून आहेत. विकत घेतेवेळी ते रुपयाच्या नाण्याहून थोडेसेच मोठे असते. परंतु मादीची पाठ पुढे पंचवीस ते तीस सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि नीट निगा राखली तर हा प्राणी वीस-तीस वर्षे, कधी त्याहूनही अधिक जगतो. ज्या मुलासाठी ते आणले ते मूल शिकून, नोकरीस लागून, परगावी जाऊन स्थिरावले तरी कासव घरीच असते, ही गोष्ट ध्यानी घेऊनच पुढील जबाबदारी स्वीकारावी.

आता भयाच्या मुळाकडे वळू. आपल्या संतवाङ्मयात कासवीचा दृष्टान्त वारंवार येतो: ती पिलांना पाजीत नाही, पंखांखाली घेत नाही, केवळ दृष्टीने त्यांचे पोषण करते, अशी ती कल्पना, आणि भक्ताकडे पाहणाऱ्या माउलीचे वर्णन करावयास याहून कोमल प्रतिमा सापडणे कठीण. परंतु पेटीतल्या कासवाच्या वाट्याला अशी दृष्टी कधी आलेली नसते. या जातीची मादी काठावरच्या मातीत मागच्या पायांनी खळगा करून अंडी घालते, ती बुजविते, आणि निघून जाते. दोन-तीन महिन्यांनी जे पिलू बाहेर येते त्याने आईचे तोंड पाहिलेले नसते, आणि जन्माच्या पहिल्या घटकेपासून त्याच्याकडे पाहणारा प्रत्येक डोळा हा पक्ष्याचा, माशाचा अथवा एखाद्या श्वापदाचा असतो. वरून सावली पडली की बुडी मारावी, हा एकच धडा ते उपजत घेऊन येते. हा धडा ज्यांच्यात पक्का नव्हता त्यांची संतती उरली नाही. आपण जेव्हा कौतुकाने त्याच्या पेटीवर ओणवे होऊन, चेहरा जवळ नेऊन, वरून हात आत घालतो, तेव्हा आपल्या मनी वात्सल्य असले तरी त्याच्या दृष्टीस दिसते ती झडप घालणाऱ्या पक्ष्याची आकृती. ममतेची दृष्टी त्याला कळावी अशी इच्छा असेल तर ती प्रथम त्याच्या पातळीवर उतरली पाहिजे.

फुसकारण्याचेही असेच. कासवाच्या फासळ्या कवचाशी एकजीव झालेल्या असतात, त्यामुळे आपल्याप्रमाणे छाती फुगवून श्वास घेण्याची त्यास सोय नसते. डोके आणि पाय झटकन आत ओढले की कवचातील जागा अपुरी पडून फुप्फुसांतील हवा बाहेर ढकलली जाते, आणि तिचाच तो आवाज होतो. त्यात राग नसतो. उचलताच ते पुष्कळसे पाणी सोडते, यातही घाणेरडेपणा नसून भीतीच आहे, आणि वारंवार असे घडले तर शरीरातील पाणी नाहक खर्ची पडते. कवच म्हणजे निर्जीव ढाल, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः ते जिवंत हाड असून त्यावरचा स्पर्श, आघात व हादरा कासवास जाणवतो. बाहेरून त्याला कान दिसत नसले तरी खोल, जड आवाज आणि जमिनीतून येणारी थरथर त्यास फार चटकन कळते, आणि पाण्यात असताना तर अधिकच.

या भयाची दखल घेतलीच पाहिजे, ती केवळ कासवाचा जीव घाबरा होतो म्हणून नव्हे. त्याच्या रक्तास स्वतःची ऊब नाही. उन्हात अथवा दिव्याखाली कोरड्या जागी बसून शरीर तापविल्याखेरीज त्याचे अन्न पचत नाही, कवच सुकत नाही, आणि रोगाशी झगडण्याची शक्ती येत नाही. आता जे कासव दर पाच मिनिटांनी दचकून पाण्यात उडी टाकते त्याचे तापणे पुरे होत नाही. तापणे पुरे न झाल्याने भूक मंदावते. भूक मंदावली म्हणजे घरची मंडळी काळजीने त्याला अधिक वेळा उचलून पाहतात, तोंडाशी अन्न नेतात, पेटी हलवितात. आणि त्यायोगे ते अधिकच बुजते. ज्याला आपण स्वभावदोष म्हटले तो अशा रीतीने काही महिन्यांत आजार होऊन बसतो. साखळी तोडावयाची असेल तर ती तापण्याच्या जागेपाशीच तुटते, म्हणून त्या जागेचा बंदोबस्त सर्वांआधी.

भय, थंडी व रोग यांची लक्षणे मात्र एकमेकांत मिसळू देऊ नयेत. निव्वळ बुजलेले कासव चपळ असते; ते वेगाने पळते, खोल जाते, आणि खोली शांत झाली की पुन्हा वर येऊन बसते. पौष-माघात काशीस रात्रीचे तपमान दहा अंशांच्याही खाली उतरते, तेव्हा ज्या पेटीतील पाणी तापविलेले नसते तेथले कासव तळाशी निपचित पडून राहते व खात नाही. त्यास लोक भेदरलेले समजतात, वास्तविक ते गारठलेले असते. परंतु पाण्यावर एका कुशीवर कलून तरंगणे, नाकातोंडातून बुडबुडे येणे, तोंड उघडे टाकून श्वास घेणे, पापण्या सुजून डोळे मिटणे, कवच दाबले असता मऊ लागणे, ही लक्षणे भीतीची नव्हेत. फुप्फुसांची सूज, अ जीवनसत्त्वाची उणीव, चुन्याची व सूर्यकिरणांची कमतरता अशा गंभीर कारणांपैकी एखादे त्यामागे असते, आणि तेथे घरगुती उपायांत वेळ न दवडता सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य गाठावा. आणखी एक प्रकार असा, की तो माहीत नसल्यामुळे कैक माद्या प्राणास मुकतात. वयात आलेली मादी नर सोबत नसतानाही अंडी धरते. मग ती अस्वस्थ होते, पेटीच्या काचेशी एकसारखी धडपडते, मागच्या पायांनी उकरू पाहते, अन्न सोडते. हिला बुजरी म्हणून गप्प बसू नये. ओलसर वाळू व माती तिच्या कवचाच्या लांबीहून खोल भरलेले घमेले तिला द्यावे, एकान्तात ठेवावे, आणि तरीही अंडी न घातल्यास विलंब न करता वैद्याकडे न्यावे, कारण अडलेली अंडी जिवावर बेततात.

आता घराची तजवीज. पक्क्या महालातील वाड्यांची मोठी अडचण प्रकाशाची आहे. गल्ल्या इतक्या अरुंद आणि भिंती इतक्या उंच, की खालच्या मजल्यावर दिवसाढवळ्याही ऊन पोहोचत नाही, आणि खिडकीच्या काचेतून आलेले ऊन कासवाच्या कामाचे नसते, कारण हाडांना लागणारे अतिनील किरण काच अडवून ठेवते. म्हणून एक दिवा उबेचा आणि एक अतिनील किरणांचा, असे दोन दिवे बसण्याच्या जागेवर हवेत. दुसरा दिवा पेटत राहिला तरी त्याची किरणशक्ती ओसरत जाते, यास्तव सहा महिने ते वर्षाच्या आत तो बदलावा. बसण्याच्या जागेवरचे तपमान बत्तीस ते पस्तीस अंश, पाणी चोवीस ते सव्वीस अंश, पिलांना थोडे अधिक. आणि हे हाताच्या अंदाजाने न ठरविता तपमापीने पाहावे. पाण्याचे प्रमाण कवचाच्या दर इंचामागे अडतीस-चाळीस लिटर धरतात, म्हणजे चार इंचांच्या कासवास दीडशे लिटर. टेबलावरच्या ज्या चिमुकल्या तबकात, प्लॅस्टिकच्या माडासकट, ही पिले विकली जातात, त्यात बुडी मारण्याइतके पाणीच नसते, आणि ज्याला बुडी मारता येत नाही ते कासव क्षणभरही निर्धास्त होऊ शकत नाही. मला विचाराल तर कासवांच्या भीतीचे सर्वांत मोठे कारण हे उथळ पाणी आहे. ज्याच्या पाठीशी खोल पाणी आहे तेच काठावर धीराने बसते.

पेटीच्या चारही बाजू उघड्या असू नयेत. मागची आणि दोन्ही बगलांची काच बाहेरून जाड कागदाने झाकावी व समोरची तेवढी मोकळी ठेवावी, म्हणजे माणूस कोणीकडून येणार हे त्यास कायमचे ठाऊक होते. पेटी जमिनीवर ठेवली तर प्रत्येक येणाराजाणारा तिच्यावर उंच उभा राहतो; म्हणून भक्कम दगडी कट्ट्यावर किंवा तिवईवर, बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीस ती असावी. पाणी ओढण्याचा पंप, मिक्सर, कपडे धुण्याचे यंत्र अथवा आपटणारे दार ज्या भिंतीस लागून असेल ती भिंत टाळावी. पाण्यात फुटक्या माठाचे अर्धे खापर, कडा घासून गुळगुळीत केलेले, पालथे घालावे, परंतु त्याची दोन्ही टोके उघडी असावीत, म्हणजे कासव आत अडकून पडत नाही. आणि बसण्याची फळी दारापासून लांबच्या बाजूस, सावकाश उताराची, चढताना पाय न घसरणारी अशी असावी. एकदा लावलेली ही मांडणी पाणी बदलतेवेळीही मोडू नये. स्वच्छतेच्या उत्साहात दर आठवड्यास सर्व सामान बाहेर काढून, नवी शोभा करून पेटी पुन्हा भरणारी मंडळी आहेत. त्यांच्या कासवास दर आठवड्याला अनोळखी मुलखात राहावयास जावे लागते. गाळणयंत्र चालू ठेवून दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलले, आणि ते एक दिवस उघडे ठेवून निवविलेले असले, म्हणजे पुरेसे आहे.

एका पेटीत दोन कासवे ठेवल्याने सोबत होते, ही समजूत माणसाची आहे. मोठे कासव लहानास फळीवरून ढकलते, अन्न हिसकावते, पायाशेपटीस चावते. आणि नर असेल तर तो पुढच्या पायांची लांब नखे मादीच्या तोंडापुढे फडफडवीत तिचा पिच्छा पुरवितो. बुजऱ्या कासवाच्या शेजारी दुसरे कासव असेल तर वेगळे करून पाहणे हा पहिला उपाय समजावा.

उचलण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे: कारणाशिवाय उचलूच नये. मांजराला अगर कुत्र्याला हात फिरविल्याने जे सुख होते ते या प्राण्यास होत नाही, आणि त्याच्या सुखासाठी म्हणून आपण जे करतो ते पुष्कळदा आपल्याच सुखासाठी असते. तपासणी, वैद्याकडे नेणे, पेटी दुरुस्त करणे, अशा कामापुरतेच उचलावे, आणि ते असे: हात वरून न आणता समोरून किंवा बाजूने, पाण्याच्या पातळीतून सावकाश आणावा, दोन्ही हातांनी पुढच्या व मागच्या पायांच्या मधल्या जागेत कवचाच्या कडा धराव्या, अंगठे वर आणि बाकीची बोटे पोटाच्या कवचाखाली, पाय हवेत वल्हवीत राहिले तर त्याची घाबरगुंडी वाढते, म्हणून ते आपल्या तळहातास टेकू द्यावेत. शेपटीस धरून उचलणे क्रूरपणाचे आहे. उताणे करून ठेवू नये, कारण आतील अवयवांचा भार फुप्फुसांवर पडतो; पोटाकडून पाहणे जरूर असेल तर सावकाश कलते करून, क्षणभर पाहून, त्याच बाजूने परत आणावे. नखे तीक्ष्ण असतात आणि दचकून हात सुटण्याचा संभव असतो, यासाठी हे सारे बसून, मांडीवर जाड पंचा पसरून, जमिनीलगत करावे, फरशीवर उभे राहून नव्हे, कारण पडून तडकलेले कवच म्हणजे मोडलेले हाडच होय. चावले तर हिसका देऊ नये. हातासकट त्यास पाण्यात सोडावे, ते आपण होऊन सोडते.

नंतर साबणाने हात धुणे हा नियम अपवादावाचून पाळावा. दिसावयास धडधाकट असलेल्या कासवाच्या अंगावर व पाण्यातही साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, आणि लहान मुलांस त्यांपासून ज्वर व हगवण लागते. याच कारणास्तव अमेरिकेत १९७५ साली चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांची विक्री बंद करण्यात आली. तेव्हा पाच वर्षांखालील मुले, गर्भवती स्त्रिया व दुर्बळ वृद्ध यांनी कासव हाताळू नये, आणि त्याची पेटी, चिमटे वा पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत नेऊ नये. सोवळ्याओवळ्याचे वळण असलेल्या घरांस हे समजावून सांगावे लागत नाही.

ओळख पटविण्यास घाई उपयोगाची नाही, पण क्रम उपयोगाचा आहे. नवे कासव आणल्यावर पहिला आठवडा-पंधरवडा पाणी व अन्न देण्यापुरतेच जवळ जावे. त्यानंतर दररोज ठरलेल्या वेळी, समोरच्या उघड्या काचेपासून चार-पाच हातांवर, आपले वाचन किंवा निवडटिपण घेऊन बसावे आणि त्याच्याकडे टक लावून पाहू नये. ते पाण्यात गेले तर जाऊ द्यावे व आपण हलू नये. परत वर येऊन आपल्या देखत ते फळीवर बसू लागले म्हणजे आसन थोडे पुढे सरकवावे, आणि पुन्हा बुजले तर मागे घ्यावे. जवळ बसणे त्याच्या अंगवळणी पडल्यावर अन्न त्या बैठकीशी जोडावे: प्रथम पाण्यात टाकून थोडे दूर व्हावे, मग न हलता तेथेच राहावे, आणि शेवटी लांब चिमट्याने पाण्याच्या पातळीवर धरावे, बोटांनी नव्हे. त्यास गोळी अन्न मुख्य असावे. त्याच्या जोडीला गांडूळ, अधूनमधून सुकी कोळंबी, आणि वय वाढेल तसतसा पाण्यातील वनस्पतींचा व कोवळ्या पाल्याचा हिस्सा वाढवावा. पिलास रोज, मोठ्यास एक दिवसाआड. पोळी, भात, दूध, लाह्या यांतून त्याचे काहीच भरून निघत नाही. कासवाची आठवण चांगली असते. अन्न देणाऱ्याची आकृती ते ओळखू लागते आणि कालांतराने त्यास पाहून काचेशी पोहत येते. याला प्रेम म्हणावे की अन्नाची अपेक्षा, याचा खल करीत न बसता, ज्या प्राण्याने आपल्याला पाहून पळ काढला तोच आता आपल्याला पाहून जवळ येतो, एवढ्याने आपले समाधान व्हावे. काही कासवे एवढेही करीत नाहीत. ती आपल्या देखत स्वस्थ ऊन घेतात व खातात, तेवढे पुष्कळ आहे.

मंगला गौरीच्या परिसरात राहणाऱ्यांस दोन-तीन स्थानिक गोष्टींची खबरदारी घ्यावी लागते. पहिली वानरांची. येथील गच्च्यांवर माकडांचा स्वैर संचार असतो, आणि उन्हासाठी म्हणून गच्चीवर घमेल्यात ठेवलेले कासव त्यांच्या हाती लागले तर ते वाचणे कठीण. एकदा माकड अंगावर आलेले कासव पुढे कोणत्याही हालचालीने भेदरते. खऱ्या उन्हाची सर दिव्यास नाही, म्हणून ऊन अवश्य द्यावे, पण वरून व बाजूंनी लोखंडी जाळी असलेल्या जागेत, आपण स्वतः हजर राहून, अर्ध्या भागावर सावली करून, आणि वैशाख-ज्येष्ठात केवळ सकाळच्या पहिल्या प्रहरी. पारा चव्वेचाळीस अंशांवर जाणाऱ्या या शहरात घमेल्यातले पाणी भर दुपारी कासवास भाजून काढते. दुसरी गोष्ट कार्तिकी पौर्णिमेची. अहल्याबाई होळकरांचा दगडी दीपस्तंभ ज्या पंचगंगा घाटावर आहे तेथे देवदिवाळीस दिव्यांची आरास होते, आणि त्यासोबत येणाऱ्या दारूकामाचे व वाद्यांचे धक्के जुन्या वाड्यांच्या भिंतींतून थेट पेटीच्या पाण्यापर्यंत पोहोचतात. त्या दिवशी पेटी उचलून दुसरीकडे नेण्याचा खटाटोप करू नये, त्याने भीतीत भरच पडते. सायंकाळपूर्वी खिडक्या लावून, पेटीखाली अगोदरपासूनच जाड रबर अथवा सतरंजीची घडी ठेवून, समोरची काचही कापडाने झाकावी, दिवे नेहमीच्याच वेळी मालवावेत, आणि दुसऱ्या दिवशी कासवाने खाल्ले नाही तर आग्रह करू नये. लग्नाच्या वरातींस हीच तजवीज. तिसरी गोष्ट पुराची: आषाढ-श्रावणात तळमजल्यावरची पेटी वरच्या मजल्यावर न्यावयाची असेल तर पाणी चढण्याची वाट न पाहता आधीच, दिवसा, सावकाश न्यावी.

शेवटी जो प्रसंग अनेक घरांत येतो त्याविषयी. कासव मोठे झाले, पेटी अपुरी पडू लागली, मुले परगावी गेली, आणि इतके करूनही ते बुजरेच राहिले, अशा वेळी त्यास गंगेत किंवा देवळाच्या कुंडात सोडून यावे, त्यात पुण्यही आहे, असा विचार मनात येतो. तो कृपा करून मनातून काढून टाकावा. लाल कानांचे कासव हे जगातील अत्यंत उपद्रवी अशा शंभर परकीय जीवांच्या यादीत गणले गेले आहे. युरोपीय संघाने १९९७ साली त्याची आयात बंद केली ती याचसाठी, की सोडून दिलेली ही कासवे स्थानिक कासवांची उन्हाची जागा, अन्न व घरटी बळकावतात आणि आपले रोग त्यांना देतात. ज्या पट्ट्यात देशी कासवांची पिले वाढवून सोडण्यासाठी एवढा सरकारी पैसा व श्रम खर्ची पडले, त्याच पाण्यात आपल्या हातांनी त्यांचा प्रतिस्पर्धी सोडणे हे पुण्यकर्म होऊ शकत नाही. ज्यास ते नकोसे झाले असेल त्याने वनखात्याच्या कचेरीत अगर प्राणिरक्षणाचे काम करणाऱ्या संस्थेत विचारणा करावी, किंवा मोठा हौद, दिवे आणि सवड असलेला जाणता माणूस शोधावा. आणि सुपूर्द करताना त्याच्यासोबत एक कागद द्यावा, ज्यात त्याचे अंदाजे वय, खाण्याच्या वेळा, पाण्याचे तपमान, झालेले आजार, ते कोणत्या आवाजाने दचकते आणि कोणत्या बाजूने जवळ गेलेले त्यास चालते, हे सर्व लिहिलेले असेल. जुनी फळी आणि ते फुटके खापरही बरोबर द्यावे, म्हणजे नव्या घरी त्याला लपावयास ओळखीची जागा मिळेल.